आधी वस्तू, मग पैसा

बैल घ्यायला आपण बाजारात जातो. तेव्हा काय करतो? बैलाचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो. पाठीवरून हात फिरवतो. आपल्या वर्ध्याकडची नामांकित गवळाऊ जात असली, तरी डोळे मिटून कोणी दावे हाती घेत नाही. बैल पसंत पडला, तर चार माणसांदेखत इसार देतो. न पाहिलेल्या बैलाचा इसार आपण कधी दिला आहे काय?

आता मोबाइलमध्येही बाजार भरतो. तेथे नव्या-जुन्या वस्तू विकायला असतात. विकणारा दिसत नाही. वस्तूचा नुसता फोटो दिसतो. या बाजारात जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण शहाणपण घरी ठेवून जाऊ नये.

एक गोष्ट ऐका. ही एकाच घरची नव्हे. अशी पुष्कळ घरे फसली आहेत.

एका शेतकऱ्याचा मुलगा बारावी पास झाला. तो म्हणाला, "बाबा, मले खेळाची मशीन पाहिजे." ही मशीन टीव्हीला जोडतात आणि पडद्यावरचे खेळ खेळतात. मशीन महाग असते. प्लेस्टेशन ५ नावाची मशीन २०२१ साली भारतात विकायला आली, तेव्हा तिची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढा पैसा आणावा कोठून? मुलाने मोबाइलवर जुनी मशीन शोधली. किंमत फक्त ९,००० रुपये!

मुलाने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला, "मी फौजेत आहे. पुलगावच्या डेपोत असतो. बदली झाली, म्हणून मशीन विकतो. आत बाहेरच्या माणसाला येता येत नाही. माल घरपोच पाठवतो." त्याने वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवले. फौजी माणूस खोटे कशाला बोलेल? बापलेकांचा विश्वास बसला.

आधी २,००० रुपये इसार गेला. मग गाडीभाडे म्हणून १,५०० रुपये गेले. मशीन काही आली नाही. शेतकऱ्याने फोन केला, "भाऊ, आमचे पैसे वापस करा." तो म्हणाला, "लगेच करतो काका. एक चौकोनी कोड पाठवतो. तो स्कॅन करा आणि पिन टाका. तुमचे पैसे येतील."

शेतकऱ्याने पिन टाकला. पैसे आले नाहीत. उलट खात्यातले ९,००० रुपये गेले. एकूण १२,५०० रुपये बुडाले. तो पैसा बियाण्याचा होता.

पिन टाकण्याआधी मोबाइलवर ९,००० हा आकडा लिहिलेला होता. शेतकऱ्याला वाचता येत होते. पण घाईत त्याने वाचलेच नाही. मंडळी, आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? अशाच वेळी उपयोगी पडावे म्हणून!

तो माणूस फौजी नव्हताच. फौजेचे नाव सांगून फसवणे, ही या ठगांची ठरलेली रीत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली एक पुस्तिका काढली. तिच्यातही या रीतीपासून सावध केले आहे. फोटो आणि ओळखपत्र दुसऱ्याचे चोरता येते.

मग खरेदी कशी करावी?

जुनी वस्तू समोरासमोर घ्यावी. दिवसा आणि चार लोकांत भेटावे. मशीन टीव्हीला जोडून, चालवून पाहावी. पहिल्या खरेदीची पावती मागावी. मग पैसे द्यावे. फार स्वस्त वस्तू दिसली, तर आधी शंका घ्यावी. "दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, लवकर पैसे टाका," असे कोणी म्हटले, तर त्याला खुशाल म्हणावे, "दे मग त्यालेच!"

आणि ही गोष्ट मनावर कोरून ठेवा. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. कोडही स्कॅन करावा लागत नाही.

फसलोच, तर काय करावे?

आमच्या गोष्टीतला शेतकरी आठ दिवस गप्प बसला. लोक हसतील, अशी त्याला लाज वाटली. पैसे बुडाले, त्याहून ही चूक मोठी. लाज ठगाने बाळगावी, आपण कशाला? लगेच १९३० या सरकारी नंबरवर फोन करावा. किती रुपये गेले, केव्हा गेले, कोणत्या खात्यातून गेले, ते सांगावे. आपल्या बँकेलाही कळवावे. ठगाने पैसे काढून नेले नसतील, तर ते अडवून ठेवता येतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे. पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. कंपनीच्या दुकानातून मागवलेला माल खोटा निघाला, तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे.

मुलांवर हात उगारू नका. मार मिळेल या भीतीने मूल गोष्ट लपवते आणि ठगाला वेळ मिळतो.

प्रश्न
१. शेतकऱ्याने पिन टाकण्याआधी काय वाचायला हवे होते?
२. पैसे घेताना पिन लागतो काय?
३. फसल्यावर गप्प का बसू नये?

लिहा
१९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद घरात सर्वांना दिसेल अशा जागी लावा.