मलमल आणि गॅसची ज्योत : एकोणिसाव्या शतकातील बॅलेची वेशभूषा

रंगभूमीच्या इतिहासाची पुस्तके चाळताना नाटककार, नट आणि संगीतकार यांच्याविषयी पानेच्या पाने वाचायला मिळतात. कपड्यांच्या वाट्याला मात्र चार ओळी येतात, आणि त्याही बहुधा एखाद्या चित्राखाली. शिंप्याचे काम ते काय, अशीच आपली समजूत असते. बॅले या युरोपीय नृत्यप्रकाराचा अभ्यास करताना मला मात्र वारंवार वाटत राहिले, की एकोणिसाव्या शतकात हा नृत्यप्रकार घडवण्यात कापडाचा आणि दिव्याचा वाटा नृत्यदिग्दर्शकाइतकाच मोठा आहे. त्या कापडाची किंमत काही मुलींनी प्राणांनी मोजली. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

अठराव्या शतकातील नर्तकी दरबारी पोशाखातच रंगमंचावर येत. कमरेच्या दोन्ही बाजूंना फुगवलेले जड घागरे, टाचांचे बूट, केसांचे टोप असा तो सरंजाम होता. मारी कामार्गो हिने पावलांचे काम दिसावे म्हणून घागरा थोडा वर घेतला, तर तेवढ्यानेही गहजब झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास ग्रीक पुतळ्यांच्या धर्तीवरील पातळ मलमलीचे झगे रूढ झाले आणि नर्तकीचे शरीर मोकळे झाले. त्या काळी हिंदुस्थानातून जाणाऱ्या तलम मलमलीचे युरोपला वेड होते, हे येथे सहज आठवते.

खरा पालट झाला तो १२ मार्च १८३२ रोजी. पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले त्या दिवशी प्रथम झाला. नृत्यरचना फिलिप्पो तालिओनी याची आणि नायिका त्याचीच मुलगी मारी. तिच्या पोशाखाचे श्रेय यूजेन लामी या चित्रकाराला दिले जाते. गळा व खांदे उघडे ठेवणारी घट्ट चोळी, पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा पांढरा थरावर थर असलेला घागरा, पाठीला लहानसे पंख, पायांत मऊ साटिनचे जोडे. एवढेच. दागिन्यांचा डामडौल नाही. मारी बोटांच्या अग्रावर उभी राही, आणि ती जमिनीला टेकलेलीच नाही असा प्रेक्षकांना भास होई. आजच्यासारखा कडक टोकाचा जोडा तेव्हा नव्हता. जोड्याच्या टोकाला सुईदोऱ्याने रफू करून जो काय आधार मिळेल तेवढाच. बाकी सारे पायाचे बळ.

हा पांढरा रंग इतका प्रभावी का ठरला? माझ्या मते याचे उत्तर दिव्यात आहे. ऑपेराच्या रंगमंचावर १८२२ मध्ये गॅसचा दिवा आला. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या मानाने त्याचा प्रकाश भरपूर, आणि मुख्य म्हणजे एका किल्लीने कमीजास्त करता येणारा. चांदणे दाखवणे त्यामुळे शक्य झाले. १८३१ साली मेयरबेअरच्या 'रॉबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मृत जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात तो प्रवेश याच प्रकाशात रंगला होता. मंद निळसर उजेडात पांढरी विरळ मलमल धुक्यासारखी दिसते. रेशीम चकाकते, मखमल उजेड गिळते, पण मलमल उजेड आपल्यात धरून ठेवते. १८४१ मधील 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकातील भुतेही याच कापडातली. यक्षिणी, अप्सरा, आत्मे यांची पिढीच्या पिढी गॅसवर आणि मलमलीवर जगली, असे म्हटले तरी चालेल.

रंगमंचावरचे रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. 'ला सिल्फीद' याच नावाचे फॅशनचे नियतकालिक पुढे पॅरिसमध्ये निघाले. इंग्लंडात पुरुषांच्या एका ओव्हरकोटाला तालिओनीचे नाव मिळाले. परीचे नाव आणि कोट जाडजूड, ही गंमतच! तिची प्रतिस्पर्धी फॅनी एल्सलर १८३६ साली गुलाबी साटिन आणि काळी लेस लेवून स्पॅनिश 'काचुचा' नाचली, आणि थिओफील गोतिए या कवी-समीक्षकाने तालिओनी ख्रिस्ती व एल्सलर मूर्तिपूजक अशी वाटणी करून टाकली. यात कपड्याच्या रंगाचा भाग मोठा होता, हे त्याला खचित ठाऊक असावे.

परंतु ज्या ज्योतीने हे धुके निर्माण केले तीच ज्योत विंगेत, नर्तकीच्या घागऱ्यापासून हातभर अंतरावर, उघडी जळत असे. सुती विरळ कापड, त्याला खळ, थरांमध्ये खेळणारी हवा. पेट घ्यायला आणखी काय हवे? लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेबस्टर हिचा पोशाख भर प्रयोगात पेटला आणि तीन दिवसांनी ती गेली. फिलाडेल्फियात १८६१ साली एकीच्या घागऱ्याने पेट घेतला, तिला वाचवायला धावलेल्या बहिणी व मैत्रिणीही पेटल्या, आणि निदान सहा नर्तकी मृत्युमुखी पडल्या.

यावर उपाय नव्हता असे नाही, आणि मला अस्वस्थ करते ते हेच. गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने १८२१ सालीच कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून ज्वालारोधक करण्याची रीत सांगितली होती. पुढे कार्तरॉन याची पद्धत निघाली, आणि १८५९ साली फ्रेंच सरकारने नाट्यगृहांतील पडदे व पोशाख असे संस्कारित करावेत असा हुकूमच काढला. पण संस्कारित मलमल ताठर होई, तिचा शुभ्रपणा जाऊन ती मळकट दिसे. धुके नाहीसे होई.

एमा लिव्री ही तेव्हा ऑपेराची नवी आशा होती. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, तिने 'ला सिल्फीद'मधूनच पदार्पण केले. वयस्क तालिओनी तिला पाहायला पॅरिसला आली आणि तिची गुरू झाली. तिच्यासाठी तिने १८६० साली 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हा बॅले रचला. त्यात नायिकेचे पंख मशालीवर जळतात. त्याच वर्षी लिव्रीने व्यवस्थापनाला लेखी कळवले, की आपण आपल्या नेहमीच्याच घागऱ्यात नाचणार आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी 'ला म्यूएत द पोर्तिसी' या ऑपेराच्या तालमीत, बसण्यापूर्वी चुरगळू नयेत म्हणून तिने घागऱ्याचे थर वर उचलले. त्या वाऱ्याने विंगेतली ज्योत हलली, आणि थर पेटले. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. वय वीस. तिच्या पोशाखाच्या उरलेल्या चिंध्या पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

लिव्रीला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. शुभ्रतेसाठीच जिला टाळ्या मिळतात, मळकट घागऱ्यात जिचे स्थान दुसरीला जाऊ शकते, त्या मुलीची निवड कितपत मुक्त होती? आणि विंगेतली ज्योत जाळीमागे ठेवण्याचे काम तर तिचे नव्हतेच.

जाता जाता एक आपल्याकडचा धागा. युरोपीय बॅलेत 'बायादेर' म्हणजे देवदासी हे पात्र फार लाडके. १८३८ साली पाँडिचेरीकडील खऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या, आपल्याच वस्त्रालंकारांत नाचल्या. गोतिए भारावून गेला. तरीही १८७७ च्या पीटर्सबर्गमधील 'ला बायादेर'मध्ये स्वर्गस्थ सावल्या उतरल्या त्या पांढऱ्या तलम घागऱ्यांतच! याच गोतिएने १८५८ मध्ये कालिदासाच्या शकुंतलेवर बॅलेची संहिता लिहिली होती. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात आले ते १८८० साली.

शतक संपता संपता दोन गोष्टी बदलल्या. इटालियन नर्तकींनी कडक टोकाचे जोडे आणि गिरक्यांचे नवे कसब आणले. पायांचे काम दिसावे म्हणून घागरा गुडघ्याच्या वर गेला. व्हर्जिनिया झुक्की हिने १८८५ मध्ये पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहात आखूड घागऱ्याचा आग्रह धरून तो मिळवला. आणि वीज आली. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये विजेने उजळले, तर १८९२ साली पॅरिसमध्ये लोई फुलर रेशमाचे वारेमाप वार अंगाभोवती फिरवत रंगीत विद्युतप्रकाशात नाचली.

१८८१ सालीच एदगार दगा याने चौदा वर्षांच्या एका नर्तकीची मेणाची मूर्ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. ती मुलगी ऑपेराच्या शाळेतली, गरीब घरची होती. मूर्तीला खऱ्या कापडाचा घागरा आणि केसांत खरी फीत होती. कित्येक समीक्षकांना ती कुरूप वाटली. रंगमंचाच्या धुक्यातून बाहेर काढून, दिवसाच्या उजेडात, तो घागरा त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला होता.