दीड मीटरचं गणित

संपादकांनी "मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल दे" असं सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले होते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरी बोलायची आणि पेपरपुरती लिहायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं पाप संपादकांच्या माथी! पण दिवाळीच्या सुट्टीत करकंबला असं काही घडलं, की ते इंग्रजीत लिहिणं मला बरोबर वाटेना.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात. उजनीच्या पाण्यानं सगळीकडे ऊस झाला, आणि दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस आणि वर फुल्ल आवाजात गाणी. शाळेत असताना मी हे सगळं बसच्या खिडकीतून बघायचे. कडेनं दप्तर अडकवून सायकल मारणारी पोरं दिसायची, पण त्यांचं काही वाटलं नाही कधी.

या वेळी आजीनं फराळाचा डबा वस्तीवर द्यायला पाठवलं. मी धाकट्या चुलतबहिणीची सायकल घेतली. अर्ध्या वाटेत मागून ट्रॅक्टर आला. पहिली ट्रॉली गेली, मी सुटले म्हणून श्वास सोडला आणि तेवढ्यात दुसऱ्या ट्रॉलीचं वाढं दंडाला घासलं. मी साइडपट्टीवर, डबा खड्ड्यात, गुडघा सोललेला. ट्रॅक्टर थांबला नाही. त्याला कळलंच नसावं. बहिणीला सांगितलं तर ती हसली. "ताई, दोन ट्रॉल्या असत्यात हे ध्यानात ठेवायचं. आम्ही तर उतरतोच खाली."

तिला दहावी आहे. संध्याकाळी माझा गुडघा बघून काका म्हणाले, "आता सायकल बंद. येष्टीनं जा." एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेला जुळत नाही. म्हणजे बोर्डाच्या वर्षी रोज पहिला तास बुडणार. ती रडली आणि मला फार अपराधी वाटलं. पडले मी, शिक्षा तिला! रात्री वही काढून गणित मांडलं, तेच इथे देते.

आधी वेळेचं बघू. ट्रक ताशी ६० नं येतोय, सायकल १४ नं. फरक ४६, म्हणजे सेकंदाला साधारण १३ मीटर. दहा मीटरचा ट्रक एका सेकंदात पुढे जातो. आता उसाचा ट्रॅक्टर ताशी २० नं धरा. फरक फक्त ६, म्हणजे सेकंदाला १.७ मीटरसुद्धा नाही. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून अंदाजे १५ मीटर, त्यात सायकलचे २ मीटर. १७ मीटर पार व्हायला दहा सेकंद लागतात! तेवढ्यात सायकलवाली ४० मीटर पुढे गेलेली असते, सगळा वेळ उसाच्या भिंतीशेजारून. आपण सगळे वेगाला घाबरतो, पण इथे धोका वाढतो तो हळू जाण्यामुळे. शिवाय वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतून कापतात. रस्ता डावीकडे वळत असेल तर 'आत' म्हणजे सायकलवालीच्या अंगावर. ड्रायव्हरचा आरसा उसानं झाकलेला असला तर त्याला मागचं काही दिसत नाही.

"मग बाजूला व्हायचं ना!" असं हॉस्टेलवर मला तिघींनी ऐकवलं. इथेच खरी गंमत आहे (गंमत हा शब्द चुकला, पण असो). सायकल उभी राहते ती सरळ जाऊन नाही, सतत थोडी डावी-उजवी होऊन. जिकडे पडायला लागते तिकडे आपण नकळत हँडल वळवतो आणि ती सावरते. म्हणून तिची वाट नेहमी नागमोडीच असते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, डावीकडे वळायचं तर सायकल आधी डावीकडे कलायला हवी, आणि ती कलावी म्हणून हँडल क्षणभर उजवीकडे जातं. उजवीकडे म्हणजे ट्रॉलीकडे! काही सेंटीमीटरच, पण ते हवेतच. शेजारी जागा नसेल तर बाजूला होण्याची पहिली पायरीच घेता येत नाही. पटत नसेल तर ग्राउंडवर सायकल घ्या, डांबराच्या कडेला अगदी चिकटून चालवा आणि किती वेळ टिकता ते बघा. खाली उतरलेली साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खोल असली तर परत वर चढताना चाक कडेला घासतं आणि माणूस रस्त्याच्या आत पडतो.

ही भीती खेड्यातलीच आहे असं समजू नका. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर सायकल चालवताना अवतार सैनी यांना मागून कॅबनं धडक दिली आणि ते गेले. इंटेलच्या ३८६, ४८६ वर काम केलेले आणि पेंटियमच्या डिझाइनचं नेतृत्व केलेले हेच ते सैनी. कॉम्प्युटरवाल्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं.

जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये एक आणि दीड. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं नियम मोडून केलेलं ओव्हरटेक धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये नाव घेऊन घातलं, पण त्या कलमात मीटरचा आकडा नाही.

आपल्या रस्त्यावर दीड मीटर बसतं का? दोन लेनचा रस्ता ७ मीटर, एक लेन साडेतीन. सायकल कडेपासून अर्धा मीटर आत, तिचं हँडल ०.६. झाले १.१. त्यात दीड मिळवा, २.६. ट्रक अडीच मीटर रुंद. एकूण ५.१. म्हणजे ट्रकनं मधली रेघ १.६ मीटर ओलांडायलाच हवी, आणि समोरून वाहन येत असेल तर ओव्हरटेक होतच नाही. मागे थांबायचं, बस्स. रस्ता साडेपाच मीटरचा असला तर जवळजवळ अख्खाच लागतो.

सकाळी हे सगळं मी काकांना अंगणात खडूनं काढून दाखवलं. काकांचाही ऊस असाच ट्रॅक्टरनं जातो, आणि आमच्याकडे येणारा ड्रायव्हर चहाला ओट्यावर बसलेला होता. दीड मीटर म्हणजे केवढं ते कळावं म्हणून आजीनं मापाचा एक ऊस तोडून दिला. ड्रायव्हरदादांनी तो खडूच्या सायकलीशेजारी आडवा ठेवून बघितला, दुसऱ्या ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस बघितला आणि म्हणाले, "आन् समोरनं येष्टी आली तर?"

"तर मागंच राहायचं," बहीण म्हणाली.

"माझ्या मागं धा गाड्या हार्न मारत्यात की गं."

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. पण त्यांनी त्या दिवशी दोन्ही ट्रॉल्यांच्या बाहेर आलेला ऊस कोयत्यानं छाटला आणि मागे रिफ्लेक्टरची पट्टी लावली. काकांनी सायकल सहामाही परीक्षेपर्यंत चालू ठेवलीय. मी इथून रोज रात्री फोन करते. ती "पोचले" म्हणते आणि गणिताची शंका विचारते.