धम्मविवाह, कायदा आणि लेकराचे हित



पिंपळनेर-साक्री भागात नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना चार प्रश्न हमखास पडतात. बौद्ध पद्धतीने लावलेले लग्न कोर्टात टिकते काय? नवऱ्याने दीक्षा घेतली आणि बायकोने घेतली नाही, तर लग्न मोडते काय? पंचांनी लिहून दिलेली फारकत चालते काय? आणि नवरा-बायको वेगळे झाले तर मूल कोणाचे? हे प्रश्न पुस्तकी नाहीत. यांचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कितीतरी लेकी रिकाम्या हाताने माहेरी परत येतात. म्हणून हा पाठ घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

१. कायद्याचे नाव आणि आपला धर्म

आपल्याला आज जो विवाहाचा कायदा लागू आहे त्याचे नाव ‘हिंदू विवाह कायदा, १९५५’ असे आहे. नाव ऐकून पुष्कळांना राग येतो. ‘आम्ही तो धर्म सोडला, मग तो कायदा आम्हाला कसा?’ असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु कायद्याचे दुसरे कलम नीट पाहावे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होईल, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. कायदा लागू झाला म्हणून तुम्ही हिंदू ठरत नाही. नोंदणीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहावे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे आणि ती योग्यही आहे. पण तो होईपर्यंत आपल्या लेकी-सुनांना याच कायद्याचे संरक्षण आहे.

हे संरक्षण कोणी फुकट दिलेले नाही. कायदेमंत्री असताना परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी रात्रंदिवस श्रम केले आणि ते बिल रखडवले गेले म्हणून, इतर कारणांबरोबर या कारणानेही, सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, अज्ञान मुलांचे पालकत्व आणि दत्तक व पोटगी असे चार कायदे झाले. एक पती, एक पत्नी. स्त्रीलाही घटस्फोट मागण्याचा हक्क. या गोष्टी त्यातून आल्या.

२. विधी पुरा करावा

कायद्याचे सातवे कलम सांगते की, वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीप्रमाणे विवाह लागला पाहिजे. होम आणि सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही. जेथे सप्तपदी हा त्या विधीचा भाग असेल तेथेच सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. बौद्ध विवाहात होम नाही, सप्तपदी नाही. त्रिसरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि मंगल गाथा हा आपला विधी आहे. १९५६ पासून लाखो कुटुंबांनी तो चालवला आहे.

१९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एका जोडप्याने कोणताही विधी न करता एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतले आणि त्यावरून नोंदणी करून घेतली होती. न्यायालय म्हणाले की, विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने या कायद्याखाली विवाह होत नाही. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. न झालेला विवाह ती घडवू शकत नाही.

उलट बाजूचा धडा फार जुना आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याबद्दल एका माणसाला खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. कारण काय? दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाले, किंवा त्याऐवजी दुसरी काही रूढी होती, हे सिद्ध करता आले नाही. पहिल्या पत्नीवर अन्याय झाला असूनही पुराव्याअभावी गुन्हा टिकला नाही.

यावरून काय घ्यावे? विधी अर्धवट करू नये. थोडे भटजीचे आणि थोडे बौद्धाचार्यांचे असा काला करू नये. बावीस प्रतिज्ञांना तर ते सोडून आहेच. शिवाय उद्या साक्षीदाराला ‘लग्न कोणत्या पद्धतीने लागले?’ असे विचारले, की एक एक सांगतो आणि दुसरा दुसरेच. लग्नपत्रिका जपून ठेवावी. प्रतिज्ञा घेतानाचे छायाचित्र काढावे. विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांचे नाव, तारीख, ठिकाण आणि साक्षीदारांच्या सह्या एका कागदावर घ्याव्यात.

३. नोंद नव्वद दिवसांत करावी

सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व राज्यांना बजावले. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा त्याआधीच आहे. त्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांच्या आत वधू, वर आणि तीन साक्षीदारांनी निबंधकासमोर जावे लागते. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीकडे असते, शहरात नगरपालिकेकडे. मुदत टळली तरी विलंबाचा आकार भरून नोंद होते, आणि नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. परंतु वारसा, विधवेचे निवृत्तिवेतन, रेशनकार्डावरचे नाव, पोटगी या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न त्या दाखल्याचा असतो. ज्यांची लग्ने पूर्वी झाली आणि नोंद राहून गेली त्यांनीही ती करून घ्यावी.

वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असलेच पाहिजे. बालविवाह लावणाऱ्याला, मग तो बौद्धाचार्य का असेना, २००६ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय बौद्धाचार्यांनी गाथा म्हणण्यास उभे राहू नये.

४. एकाने दीक्षा घेतली, दुसऱ्याने नाही

जोडीदाराने धर्म बदलला हे घटस्फोटाचे एक कारण कायद्यात आहे. त्यामुळे पुष्कळ भगिनी घाबरतात. पण त्या कलमाचे शब्द ‘हिंदू राहिला नाही’ असे आहेत, आणि या कायद्यापुरता ‘हिंदू’ या शब्दात बौद्धही धरला आहे. म्हणून केवळ धम्मदीक्षेमुळे लग्न मोडत नाही आणि दीक्षा घेतली एवढ्यावरून कोणी घटस्फोट मागू शकत नाही. दीक्षेच्या आधी जुन्या पद्धतीने लागलेले लग्नही कायम राहते; ते पुन्हा लावण्याची गरज नाही.

पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यातही असेच आहे. दीक्षा घेतल्याने आई किंवा बाप मुलाचा पालक राहत नाही, असे होत नाही. त्या कायद्यात संन्यास घेणाऱ्याचे पालकत्व जाते. पण त्यासाठी संसार पूर्णपणे आणि कायमचा सोडलेला असावा लागतो. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात चीवर धारण करून घरी परतणाऱ्या उपासकाला ती अट लागू पडत नाही.

५. फारकतीचा कागद

आपल्या खान्देशात फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्द घरोघर माहीत आहेत. चार पंच बसतात, मुद्रांकावर दोन ओळी लिहितात, बाईचा अंगठा घेतात, आणि नवरा दुसरे लग्न करायला मोकळा झाला असे समजतात. हे समजणे चुकीचे आहे. रूढीने मिळालेला घटस्फोट कायदा मानतो, हे खरे. पण ती रूढी त्या समाजात फार काळापासून अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसता मुद्रांक म्हणजे रूढी नव्हे. आणि ज्याने जात सोडली त्याने बायकोला सोडण्यापुरती जातीची रूढी पुढे करावी, हे कोणत्या तोंडाने? अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते लग्न रद्द ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जातपंचायत बहिष्काराची धमकी देत असेल तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे.

संसार खरोखरच अशक्य झाला असेल तर सरळ मार्ग आहे. १९७६ पासून परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावा. पुढे सहा महिने थांबावे लागते. समेटाची आशाच उरलेली नसेल आणि मुलांचा, पोटगीचा निर्णय झालेला असेल, तर कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले.

६. पोटगी ही भीक नव्हे

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ ची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हक्क तोच आहे. पत्नी, मुले आणि वृद्ध आई-बाप यांना पोटगी मागता येते. घटस्फोटित स्त्रीलाही, तिने पुन्हा लग्न केले नसेल तोवर, हा हक्क आहे. बाई जेथे राहते तेथल्या कोर्टात अर्ज करता येतो. म्हणजे सासर सुरतेला असले आणि ती पिंपळनेरला माहेरी आली असली, तर तिने साक्रीला अर्ज करावा. सुरतेला खेटे घालण्याचे कारण नाही.

नागपूरच्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवून दिल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आणि दोघांनीही आपले उत्पन्न व मालमत्ता शपथेवर जाहीर करायची. म्हणून अर्ज लांबणीवर टाकू नये.

पहिले लग्न लपवून एखादीला फसवले असेल तर? तिचे लग्न कायद्याने रद्द ठरते, पण तिला उपाशी मरा असे कायदा म्हणत नाही. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लग्न रद्द ठरले तरी कोर्ट कायम पोटगी देऊ शकते. अशा स्त्रीला ‘अवैध पत्नी’ आणि त्याहून हीन शब्द मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात वापरले गेले होते. ते तिच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे आहेत, असेही न्यायालयाने बजावले. अशा लग्नाची मुले औरसच धरली जातात, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाप्रमाणे आई-बापाच्या वाट्यात, वडिलोपार्जित मिळकतीतील त्यांच्या हिश्श्यातही, त्यांना वारसा मिळतो.

७. मूल कोणाचे?

‘पोरगा आमच्या वंशाचा, तो ठेवून जा,’ असे म्हणून आईला बाहेर काढणारे सासर आपण पाहतो. कायदा असे म्हणत नाही. १९५६ च्या पालकत्व कायद्यात बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम लिहिला आहे. पण लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असे नव्हे. बाप मुलाकडे पाहतच नसेल तर तो जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक होय. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईलाही, बापाला नोटीस न देता, पालक म्हणून अर्ज करण्याचा हक्क मान्य केला.

पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे त्याच कायद्यात आहे. गोव्यातील एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल आईकडे देताना स्पष्ट केले की, आई नालायक आहे हे सिद्ध करण्याचा भार बापावर आहे. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करायचे नाही. ती गरीब आहे, मजुरी करते, एवढ्याने ती नालायक ठरत नाही. खर्च बापाने द्यायचा असतो.

पाच वर्षांनंतर मूल आपोआप बापाचे होते, हाही गैरसमज आहे. तेराव्या कलमाप्रमाणे मुलाचे हित हीच सर्वांत वरची कसोटी. त्याची शाळा, आरोग्य, सवय, भावंडे हे सारे पाहिले जाते आणि मूल जाणते असेल तर त्याचे म्हणणेही ऐकले जाते. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो. भेट नाकारून किंवा पोटगी अडवून मुलाला हत्यार करू नये. जखम मुलालाच होते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे ठरले आहे. जन्मनोंद करताना आईचे नाव बरोबर लिहिले आहे काय, हे पाहून घ्यावे.

८. कोठे जावे

स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. साक्रीला तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धुळ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दूरध्वनी क्रमांक १५१००. कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्यासाठी नाही. १९३७ साली बाबासाहेब स्वतः वकील म्हणून धुळ्याच्या न्यायालयात उभे राहिले होते. त्या पायरीची आपण लाज बाळगू नये.

शेवटी एकच सांगणे. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना पतीची पाच कर्तव्ये सांगितली: पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, आणि तिला वस्त्र-अलंकार द्यावेत. पत्नीचीही कर्तव्ये त्याच उपदेशात सांगितली आहेत. हे शील जेथे पाळले जाते तेथे कोर्टाचे काम पडत नाही. जेथे पाळले जात नाही तेथे गप्प बसून सोसणे हा धम्म नव्हे. आपल्या घरातील प्रत्येक विवाहाचा विधी पुरा आहे काय आणि नोंद झाली आहे काय, हे येत्या पौर्णिमेच्या आत पाहावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विवाहनोंदणी झाली पण विधी झाला नाही, तर काय होते?
२. पंचांच्या फारकतीवर दुसरे लग्न केल्यास कोणती अडचण येते?
३. मुलाच्या ताब्याचा निर्णय कोणत्या कसोटीवर होतो?
४. तुमच्या घरातील किती विवाहांची नोंद व्हायची आहे?

नमो बुद्धाय! जय भीम!