पाय घडविणारी विद्या : कृत्रिम अवयव व आधारसाधनांचे पदवीशिक्षण

अस्थिव्यंग असलेल्या बालकाच्या उपचारांचा विचार करताना बालरोगतज्ज्ञ, अस्थिशल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट ही तीन नावे आपल्यापुढे सहज येतात. त्या बालकाच्या पायात चढणारे कॅलिपर किंवा गमावलेल्या पायाच्या जागी बसणारा कृत्रिम पाय ज्याच्या हातून घडतो, ती चौथी व्यक्ती मात्र बहुधा आपल्या ध्यानातही येत नाही. ‘बेल्टवाला’, ‘बूटवाला’ अशा शब्दांत तिचा उल्लेख होतो. वस्तुतः हे काम आज विद्यापीठीय पदवीचा विषय झालेले आहे. बालरुग्णांत वावरताना या विद्येचे मोल मला पदोपदी जाणवत आले. म्हणून स्मरणिकेच्या या पानांतून तिचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

शरीराच्या गेलेल्या भागाची जागा घेणारे साधन म्हणजे प्रॉस्थेसिस. दुर्बल वा वाकड्या भागाला आधार अथवा वळण देणारे साधन म्हणजे ऑर्थोसिस. जयपूर फूट हे पहिल्याचे आणि कॅलिपर हे दुसऱ्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

साधन म्हणजेच उपचार

जन्मतः आत वळलेल्या पावलाचे, म्हणजे क्लबफूटचे उदाहरण घेऊ. सुमारे हजार जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीनुसार दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुतेक बालकांत टाचेच्या कंडरेवर एक लहानसा छेदही घ्यावा लागतो. पाऊल सरळ झाले की पालकांना उपचार संपल्यासारखे वाटते. खरी कसोटी त्यानंतर असते. दांडीला जोडलेले विशिष्ट बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेच्या वेळी वापरावे लागतात. व्यंग असलेले पाऊल बाहेरच्या बाजूस ६० ते ७० अंश वळलेले हवे आणि दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी हवी. बूट सैल असेल तर टाच निसटते, घट्ट असेल तर फोड येतो. बाळ रडते, आई बूट काढून ठेवते आणि काही महिन्यांत पाऊल पुन्हा वळू लागते. असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी प्रशिक्षित ऑर्थोटिस्टने बुटाचा कोन, पट्टा व मऊ गादी तपासून दिली, म्हणजे तेच बाळ बूट घालून शांत झोपते. आईला समजावण्यात आम्हा डॉक्टरांचे जितके शब्द खर्ची पडतात, त्याहून ही दुरुस्ती अधिक परिणामकारक ठरते.

हस्तकौशल्यामागील शास्त्र

गुडघ्याखाली पाय गेलेल्या रुग्णासाठी सॉकेट कसे करतात, हे पाहण्याजोगे आहे. उरलेल्या भागाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यापासून भरीव प्रतिकृती बनवितात. जेथे भार पेलायचा, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर, तेथे प्रतिकृती किंचित तासतात; जेथे भार सोसवत नाही, उदाहरणार्थ बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या डोक्यापाशी, तेथे प्लास्टरची भर घालतात. कारण तेथूनच पाऊल उचलणारा मज्जातंतू वळसा घेतो. मग तापवून मऊ केलेले प्लास्टिक त्यावर चढवितात. कोठे तासावे व कोठे भरावे, याचा निर्णय शरीररचनाशास्त्र जाणणाराच करू शकतो.

बालकांच्या बाबतीत वाढ हा आणखी एक घटक येतो. जन्मतः हात नसलेल्या बाळाला ते बसू लागते त्या सुमारास, आणि पाय नसलेल्याला ते धरून उभे राहू लागते त्या सुमारास पहिले साधन देण्याचा प्रघात आहे. पहिल्या पाच वर्षांत साधारणतः दरवर्षी, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते.

जयपूरचा धडा

आपल्या शेजारच्या राजस्थानात १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून जयपूर फूट साकारला. अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल असा तो पाय होता. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. एकाचे हात आणि दुसऱ्याचे शरीरज्ञान यांची ती भेट होती. ही भेट एकाच व्यक्तीच्या ठायी घडवून आणणे, हा या पदवीशिक्षणाचा हेतू आहे. कारागिराच्या हाताविषयी मला नितांत आदर आहे. परंतु अशी जोडी प्रत्येक गावी योगायोगाने जुळण्याची वाट रुग्णाने पाहावी, हे रास्त नव्हे.

अभ्यासक्रम व संधी

या पदवीचे नाव बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये या व्यवसायासाठी मान्यताप्राप्त पात्रता व परिषदेकडील नोंदणी आवश्यक आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेश मिळतो. चार वर्षांचे अध्ययन व त्यापुढे इंटर्नशिप असते. शरीररचना, शरीरक्रिया व अस्थिरोग यांबरोबरच जैवयांत्रिकी, पदार्थविज्ञान, कार्यशाळेतील तंत्र, चालीचे विश्लेषण व संगणकीय आरेखन हे विषय शिकवितात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, कटकजवळील ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद संस्था, तसेच कोलकाता व दिल्ली येथील राष्ट्रीय संस्थांत हे शिक्षण उपलब्ध आहे. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही घेता येते. रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, कानपूरच्या अलिम्कोसारखे उत्पादक, सेवाभावी संस्था व स्वतंत्र व्यवसाय अशी क्षेत्रे खुली होतात. अमेरिकेत मात्र आता पदव्युत्तर पदवी हीच व्यवसायप्रवेशाची पात्रता मानली जाते, हे परदेशाचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दोन विनंत्या

माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती, की चिठ्ठीवर नुसते ‘कॅलिपर’ असे न लिहिता निदान, सांध्याची स्थिती व साधनाकडून अपेक्षित कार्य लिहावे. साधन बसल्यावर बालकाला पुन्हा बोलवावे. साधन काढल्यानंतर त्वचेवरील लाली अर्ध्या तासातही गेली नाही, तर दाब चुकीच्या जागी पडत आहे असे समजून त्याला परत ऑर्थोटिस्टकडे पाठवावे.

दुसरी विनंती पालकांना. आपल्या इंदुरातील मराठी घरांत बारावीनंतर वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोनच वाटांची चर्चा होते. ज्या मुलाला शरीरशास्त्राची ओढ आहे आणि ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, त्याच्यासाठी या दोन्ही वाटांच्या मधून जाणारी ही तिसरी वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लोकसंख्येच्या सुमारे अर्धा टक्का लोकांना अशा साधनांची गरज असते. म्हणजे दहा लाखांच्या वस्तीत पाच हजार माणसे. त्यांना मोजून, पारखून साधन देणारे हात आपल्या शहरात किती आहेत, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा, आणि घरातील एखादा विद्यार्थी या विद्येकडे वळू इच्छीत असेल तर त्याला प्रोत्साहन द्यावे, एवढीच नम्र अपेक्षा.