वरच्या वजनगटात जावे, की वजन उतरवावे?

मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युदो या खेळांत वजनाचे गट ठरलेले असतात. सारख्या वजनाच्या खेळाडूंची गाठ पडावी, हा त्यामागचा साधा हेतू. पण गटात विजेता ठरलेल्या खेळाडूचे वजन वाढू लागले की घरात आणि तालमीत एकच प्रश्न सुरू होतो. वरच्या गटात जावे, की वजन उतरवून जुन्याच गटात राहावे? आईवडील मुलाला घेऊन दवाखान्यात येतात आणि "डॉक्टर, दोन दिवसांत तीन किलो कमी होतील अशी काही गोळी आहे का?" असे विचारतात. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर.

दोन दिवसांत काय कमी होते?

चरबी दोन दिवसांत उतरत नाही. उतरते ते पाणी. घामावाटे एक किलो गेला म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. साठ किलोच्या खेळाडूच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी दम लवकर लागू लागतो. आणखी पाणी गेले की रक्ताचे प्रमाण घटते, हृदय जोरात धावते, घाम येईनासा होऊन अंगातली उष्णता साठते. क्षार कमी झाल्याने पायात गोळे येतात, मूत्रपिंडांवर ताण पडतो. अशा अवस्थेत डोक्यावर ठोसे घेणे अधिक धोक्याचे मानले जाते. वजन झाल्यावर दोन-तीन तासांत भरपूर पाणी प्यायले म्हणजे सारे भरून निघते, हा गैरसमज आहे.

हा नुसता भीतीचा बागुलबुवा नव्हे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत विद्यापीठाचे तीन तरुण कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. रबरी कपडे घालून, तापवलेल्या जागेत व्यायाम करून ते घाम काढत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपडे, गरम खोल्या आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली.

तीन विजेत्यांची उदाहरणे

मणिपूरच्या मेरी कोमने २०१० पर्यंत पाच जागतिक विजेतेपदे मिळवली, ती ४५ ते ४८ किलोच्या गटांत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, पण गट तीनच होते आणि सर्वांत खालचा ५१ किलोचा. ती वर गेली. समोर तिच्याहून उंच, लांब हाताच्या प्रतिस्पर्धी होत्या. तरीही तिने कांस्यपदक आणले आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धेत त्याच गटात सुवर्ण जिंकले.

निखत झरीन २०२२ मध्ये ५२ किलोत जगज्जेती झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो गट नव्हता. ५० किंवा ५४ असे दोनच मार्ग होते. तिने खालचा गट निवडला आणि त्या गटात २०२३ चे जागतिक विजेतेपदही मिळवले. पॅरिसमध्ये मात्र ती लवकर हरली. वजनासाठी दोन दिवस अन्नपाणी घेतले नव्हते, असे तिने त्यानंतर सांगितले. समोरची चिनी खेळाडू पुढे सुवर्णपदक विजेती ठरली, हेही खरे. पण दोन दिवसांच्या उपाशी शरीराने अशा खेळाडूशी लढणे किती कठीण, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

तिसरे उदाहरण अमेरिकेच्या रॉय जोन्सचे. त्याचा गट सुमारे ७९ किलोचा. वजन वाढवून मार्च २००३ मध्ये त्याने हेवीवेट गटातल्या जॉन रुईझला हरवले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आठ किलो उतरवून तो जुन्या गटात परतला, जेमतेम जिंकला आणि मे २००४ मध्ये दुसऱ्याच फेरीत कोसळला. वय चौतीस-पस्तीस होते, हे एक कारण. पण कमावलेले स्नायू भराभर उतरवणे शरीराला महागात पडते, हे दुसरे.

मग निर्णय कसा घ्यावा?

वर जाण्यातही धोका आहे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा जड असतो, त्याचे हात लांब असतात. तूप आणि मिठाई खाऊन वाढवलेली चरबी तिथे ओझेच ठरते. वजन वाढावे ते स्नायूंचे, आणि त्याला महिने लागतात. म्हणून मी पुढीलप्रमाणे सल्ला देतो.

१. स्पर्धा नसताना आठवडाभर रोज सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी वजन करून सरासरी काढा. हेच खरे वजन.

२. ते गटाच्या मर्यादेपेक्षा एक-दोन किलोच जास्त असेल आणि स्पर्धेला महिना-दीड महिना असेल, तर तळलेले व गोड कमी करून आठवड्याला अर्धा किलो उतरवता येईल. पाणी तोडायचे नाही.

३. पन्नास किलोच्या गटासाठी खरे वजन ५३ च्या पुढे असेल, तर वरचा गटच बरा.

४. वाढत्या वयाच्या मुलामुलींचे वजन उतरवू नका. त्यांची उंची वाढत असते, वजन वाढणारच. मुलीची पाळी बंद झाली तर ते कमी खाल्ल्याचे लक्षण समजा. पुढे हाडे ठिसूळ होतात.

५. वर जाताना डाळी, उसळी, दूध, अंडी यांचा आहार आणि ताकदीचा व्यायाम ठेवा. आठवड्याला पाव किलो वाढ पुरे. "ताकदीची" इंजेक्शने घेऊ नका. स्टेरॉइड असतील तर यकृत, हृदय बिघडते आणि खेळाडू बादही होतो. लघवीच्या गोळ्याही खेळात निषिद्ध आहेत.

६. लघवी गडद पिवळी, कमी होत असेल, चक्कर येत असेल, तर सराव थांबवा आणि पाणी द्या. खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा अंग फार तापले, तर अंगावर गार पाणी ओतत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.

पालकांनी आणि वस्तादांनी एक लक्षात घ्यावे. वरच्या गटात पहिले वर्ष पदकावाचून गेले तर पुढच्या वर्षी ते मिळवता येते. निकामी झालेली मूत्रपिंडे कोणत्याही स्पर्धेत परत मिळत नाहीत.