संगणक खोटे बोलतो का?

बालमित्रांनो आणि भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या पालकांनो, संगणक अडला की पडद्यावर एक चौकट येते. तिला त्रुटीसंदेश म्हणतात. आपल्याला वाटते, यंत्राने लिहिले म्हणजे खरेच असणार. पण पुष्कळदा तसे नसते.

संगणकात खाती दोन प्रकारची असतात. एक साधे व एक प्रशासकाचे. प्रशासक म्हणजे किल्लीवाला. आपल्या शाळेत वर्गात कोणीही बसावे, पण दप्तराच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडेच, तसे हे आहे. साध्या खात्याला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येते, पण यंत्राच्या मुख्य फायलींना हात लावता येत नाही. हे बरेच आहे. नाहीतर आमच्या वर्गातल्या पोरांनी केव्हाच सगळं पुसून टाकलं असतं.

आता किल्ली नसेल तर संगणकाने सरळ "तुला परवानगी नाही" म्हणावे की नाही? पण तो भलतेच सांगतो. विंडोज ७ मधल्या नोटपॅडात 'होस्ट्स' नावाची फाईल उघडून बदलली आणि किल्लीशिवाय जतन करायला गेले, की येणाऱ्या चौकटीचा अर्थ असा होता : फाईल तयार करता येत नाही, मार्ग व नाव बरोबर आहे का ते पाहा. नाव तर बरोबरच! माणूस बिचारा दहादा नावच तपासत बसतो. डेबियन लिनक्समध्ये साध्या खात्यातून 'एफडिस्क' ही आज्ञा लिहिली तर "आज्ञा सापडली नाही" असे उत्तर येते. आज्ञा यंत्रातच असते, पण तिची जागा साध्या खात्याच्या शोधयादीत नसते. भांडे माळ्यावर आणि आपण फडताळात बघून म्हणायचे, भांडं नाही.

असे का होते ते माझ्या मावसबहिणीने सांगितले. ती संगणकाचे शिकते. काम अडले की विंडोज प्रोग्रॅमला एक आकडा देते. २ म्हणजे फाईल सापडली नाही. ५ म्हणजे प्रवेश नाकारला. आकडा खरा असतो. पण प्रोग्रॅम लिहिणारा कधी कधी सगळ्या आकड्यांना मिळून एकच वाक्य लिहून ठेवतो. त्याच्या स्वतःच्या यंत्राची किल्ली त्याच्याकडेच, मग ५ त्याला दिसणार कुठून? २००१ च्या विंडोज एक्सपीत घरोघरी बहुतेक लोक प्रशासक म्हणूनच काम करीत. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली. ती मुख्य कामाआधी परवानगी विचारू लागली, तेव्हा जुने प्रोग्रॅम अडखळले.

आमच्या शाळेतही असेच झाले. शिष्यवृत्तीच्या सरावाचा एक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून घालायचा होता. संदेश आला, "डिस्कमध्ये जागा आहे का पहा." म्हणून जागा करायला स्नेहसंमेलनाचे फोटो पुसले. आमच्या लेझीमचे फोटो त्यातच होते. तरी संदेश तोच! मग सगळे म्हणाले, यंत्र बिघडलं, आणि १५ दिवस त्यावर चादर पडून राहिली. ताई सुट्टीत आली. तिने माउसचे उजवे बटण दाबून 'प्रशासक म्हणून चालवा' निवडले, गुरुजींनी परवलीचा शब्द टाकला, आणि प्रोग्रॅम लगेच बसला. फोटो मात्र परत आले नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पालकांनो, यंत्र दुरुस्तीला न्यायच्या आधी एक करून बघा. एखादी लहान फाईल स्वतःच्या फोल्डरमध्ये जतन करा. ती झाली, तर डिस्क लिहिते आहे. मग त्याच नावाची फाईल अडली त्या जागी जतन करा. तिथे नाही झाली, तर बहुधा किल्लीच नाही. पण अनोळखी प्रोग्रॅमला किल्ली देऊ नये, तो मग यंत्रात काहीही करू शकतो. आमचे गुरुजी परवलीचा शब्द टाकताना आम्हाला पाठ फिरवून उभे करतात.