टपावरचे सामान

उन्हाळ्याची सुट्टी लागली की रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींकडे एकदा नीट पाहा. आत माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. वर बॅगा, वळकट्या, लहान मुलाची सायकल, कधी तर लाकडी पलंगाचे पायसुद्धा बांधलेले दिसतात. घराच्या छताला उर्दूत छत म्हणतात आणि मराठीतही छतच म्हणतात. मोटारीच्या किंवा बसच्या छतासाठी मात्र मराठीत एक वेगळा, लहानसा शब्द आहे : टप. या टपावर सामान कसे न्यावे, किती न्यावे आणि कधी नेऊच नये, हे या पाठात पाहू.

टपावर सामान बांधण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी काहींनी चित्रात तरी पाहिली असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर असे. बाहेरगावच्या रेल्वेगाडीतून उतरलेल्या कुटुंबाच्या ट्रंका त्या कॅरिअरवर चढत आणि टॅक्सी निघे. त्या गाडीच्या टपाच्या दोन्ही कडांना, पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून, पन्हळीसारखी पत्र्याची कड होती. कॅरिअरचे पाय त्या कडेवर घट्ट आवळले जात. आजच्या बहुतेक मोटारींना तशी कड नसते. त्यामुळे जुने कॅरिअर नव्या गाडीवर जसेच्या तसे बसत नाही. त्यासाठी आधी दोन आडवे दांडे लागतात. प्रत्येक गाडीच्या टपाचा आकार वेगळा, म्हणून दांड्यांचे पायही त्या त्या गाडीप्रमाणे वेगळे असतात. काही गाड्यांच्या टपावर लांबीच्या दिशेने दोन चकचकीत पट्ट्या दिसतात. त्या पाहून फसू नका. काही गाड्यांत त्या मजबूत असतात, तर काहींत केवळ शोभेच्या असतात. शोभेच्या पट्टीला वजन बांधले तर ती उपटून येईल.

अलीकडे कॅरिअरऐवजी टपावर बंद पेटी बसवलेली दिसते. दुकानदार तिला ‘रूफ बॉक्स’ म्हणतात. ती कडक प्लॅस्टिकची, लांबट आणि पुढून निमुळती असते. तिला झाकण असते, कुलूप असते. युरोपातील थंड देशांत अशा पेट्यांचा वापर फार आहे. बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या लांब पट्ट्या गाडीच्या आत मावत नाहीत, त्या टपावरच्या पेटीत मावतात. थुले ही या वस्तू बनवणारी एक प्रसिद्ध कंपनी. ती स्वीडनमध्ये १९४२ साली सुरू झाली, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ती मासे पकडण्याचे सापळे बनवत असे! बर्फावरच्या त्या पट्ट्या लांब असतात, पण फार जड नसतात. हे लक्षात ठेवा. टपावरची पेटी ही जागा खाणाऱ्या पण हलक्या सामानासाठी आहे.

आता हिशेब करू. समजा, भिवंडीचे एक कुटुंब मालेगावला खालाच्या घरी लग्नाला निघाले आहे. घरात अब्बा, अम्मी आणि तीन मुले. गाडी लहान आहे. अब्बांनी चारशे लिटरची पेटी आणली. लिटर म्हणजे इथे पेटीतील जागेचे माप. पेटी पाहून सगळे खूश झाले. अम्मी म्हणाल्या, “चला, आता तांदळाची गोणीही वर जाईल आणि तांब्याची देगही.”

अब्बांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडली. टपावर जास्तीत जास्त किती वजन चालते, ते या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक लहान गाड्यांसाठी हा आकडा ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो. टपावर सामान ठेवूच नये, असेही काही पुस्तिकांत सांगितलेले असते. तसे असेल तर विषय तिथेच संपतो. या कुटुंबाच्या गाडीसाठी आकडा होता ५० किलो. पण हे ५० किलो केवळ सामानाचे नव्हेत! त्यात आडव्या दांड्यांचे वजन आले आणि रिकाम्या पेटीचे वजनही आले. दांडे ५ किलो आणि पेटी १५ किलो धरली, तर उरले किती? फक्त ३० किलो.

चारशे लिटर जागा आणि तीस किलो वजन! याच पेटीत तांदूळ भरला, तर तीनशे किलोंपेक्षा जास्त मावेल. म्हणजे पेटीत जागा शिल्लक दिसते म्हणून ती भरत जाणे, ही सर्वांत मोठी फसगत आहे. पेटीने गाडीतली जागा वाढते, गाडीची ताकद वाढत नाही. गाडीची चाके, स्प्रिंगा आणि ब्रेक तेच राहतात. टपावरचे वजन गाडीच्या एकूण वजनातही मोजावे लागते. माणसे अधिक डिकीतले सामान अधिक टपावरचे सामान, या सर्वांची बेरीज गाडीच्या एकूण मर्यादेत बसली पाहिजे.

म्हणून तांदळाची गोणी घरीच राहिली. तांदूळ मालेगावातही मिळतो. देग डिकीत, अगदी तळाशी गेली. पेटीत गेल्या रजया, उशा, मुलांचे कपडे आणि लग्नाचे शरारे. वजन कसे केले म्हणाल? घरातल्या वजनकाट्यावर आधी अब्बा नुसते उभे राहिले, मग बॅग हातात घेऊन उभे राहिले. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला. झाले बॅगेचे वजन!

वजन वर असले म्हणजे नेमके काय बिघडते? एक प्रयोग करा. तुमची कंपासपेटी जाड पुठ्ठ्यावर आडवी ठेवा आणि पुठ्ठ्याची एक बाजू हळूहळू उचला. पेटी घसरेल, पण उलटणार नाही. आता तीच पेटी अरुंद बाजूवर उभी ठेवा आणि पुन्हा पुठ्ठा उचला. या वेळी ती चटकन कलंडेल. पेटी तीच, वजन तेच. मग फरक कशाचा? वस्तूचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. तो जितका उंच आणि तळ जितका अरुंद, तितकी वस्तू लवकर उलटते. टपावर वजन ठेवले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. कळते ते वळणावर. भिवंडीहून मालेगावला जाताना कसारा घाट चढावा लागतो आणि परतताना तोच उतरावा लागतो. चांदवडजवळ राहुड घाट आहे. अशा घाटात वळण घेताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते. डोक्यावर ओझे असले तर जास्त कलते. अचानक कुत्रे आडवे आले आणि चालकाने चाक जोरात फिरवले, तर सावरणे कठीण होते. म्हणून टपावर सामान असताना वळणावर नेहमीपेक्षा हळू जावे, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ब्रेक तापतात.

दुसरा शत्रू म्हणजे वारा. तुम्ही एखाद्या टेम्पोच्या टपावर बांधलेली गादी पाहिली असेल. पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीतून हात काढून ती धरून बसलेला असतो. त्या हाताचा काडीचाही उपयोग नसतो. गाडी वेगात गेली की हवा गादीच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि तिला वर उचलते. गादी उडाली तर ती हाताने थांबत नाही. ती मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या अंगावर पडते. टपावरचे सामान सुटले तर आपले नुकसान एका गादीचे होते, पण मागच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. गादी, पलंग किंवा दार यांसारख्या मोठ्या सपाट वस्तू मोटारीवर नेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्याचा टेम्पो करावा. तो महाग वाटतो, पण महाग नाही.

वेग वाढला की वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही गणितात वर्ग शिकला आहात. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेलो, तर वेग सव्वापट झाला, पण वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त झाला. पेट्रोलही त्याच कारणाने जास्त जळते. अमेरिकेच्या सरकारी माहितीनुसार मोठ्या, बोथट आकाराच्या पेटीमुळे शहरात गाडीचे ॲव्हरेज २ ते ८ टक्क्यांनी घटते, तर ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाने धावताना ते १० ते २५ टक्क्यांनी घटते. म्हणून प्रवास संपला की पेटी उतरवून ठेवावी. वर्षभर रिकामी पेटी डोक्यावर घेऊन हिंडणारे लोकही आहेत. ते पेट्रोल वाऱ्यावर उधळतात, दुसरे काय!

पेटी घ्यायचीच असेल, तर दुकानात गाडी घेऊन जावे. पेटी बसवून पाहावी आणि मग डिकीचे दार पूर्ण उघडावे. अनेक गाड्यांत ते दार पेटीवर आपटते. पेटी कोणत्या बाजूने उघडते, तेही पाहावे. आपल्या देशात गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी करतात. त्यामुळे डावीकडून उघडणारी पेटी बरी. नाहीतर सामान काढणाऱ्याला धावत्या वाहनांकडे पाठ करून उभे राहावे लागते. आणि घरात ही पेटी ठेवणार कुठे? ती माणसाएवढी लांब असते. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तिला कोपरा मिळणे अवघड. त्यापेक्षा जाड, पाणी न शिरणाऱ्या कापडाची पिशवी मिळते. ती आडव्या दांड्यांवर पट्ट्यांनी बांधतात आणि काम झाल्यावर घडी करून माळ्यावर टाकतात. तिला पक्के कुलूप नसते, हा तिचा दोष. पण वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्यांना ती पुरेशी आहे.

सामान भरताना त्यातल्या त्यात जड वस्तू दोन्ही दांड्यांच्या मधोमध ठेवाव्यात, हलक्या वस्तू पुढे आणि मागे. आतल्या वस्तू हलता कामा नयेत. मे महिन्याच्या उन्हात बंद पेटी भट्टीसारखी तापते. म्हणून औषधे, मिठाई आणि अत्तराच्या बाटल्या तिच्यात ठेवू नयेत. गॅसचा सिलिंडर आणि रॉकेल तर प्रवासी गाडीत नकोच, आतही नको आणि वरही नको.

उघड्या कॅरिअरवर सामान असेल, तर बांधणी महत्त्वाची. सुतळी तुटते. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गाठ सैल पडते. हूक लावलेले रबर ताडपत्री उडू नये म्हणून ठीक आहे, पण वजन धरून ठेवण्यासाठी ते नाही. बकल असलेले रुंद, विणलेले पट्टे घ्यावेत. एक आडवा पट्टा पुरत नाही. जोरात ब्रेक मारला की सामान पुढे सरकू पाहते आणि वेग घेतला की मागे. म्हणून पुढून-मागूनही बांधावे. लांब पट्टा वाऱ्याने फडफडून गुणगुणतो. त्याला एक पीळ दिला की आवाज थांबतो. पट्टे आवळण्यासाठी टपावर चढू नये, पत्रा दबतो. स्टूल घ्यावे. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे आणि दांड्यांचे पाय पुन्हा तपासावेत, कारण सामान बसते आणि पट्टे सैल होतात. टायरमध्ये हवा किती भरावी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर दिलेले असते. त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा वापरावा.

गावाकडे जीपच्या टपावर माणसेही बसलेली दिसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२३ नुसार टपावर बसून प्रवास करण्यास मनाई आहे. कोणी कितीही आग्रह केला तरी वर बसू नका. सामान पट्ट्याने बांधता येते, माणूस बांधता येत नाही.

एक गोष्ट राहिली. गाडी दीड मीटर उंच, दांडे दहा सेंटिमीटर आणि पेटी चाळीस सेंटिमीटर. एकूण झाले दोन मीटर. इमारतींच्या तळघरातील वाहनतळाच्या दारावर उंचीची मर्यादा लिहिलेली असते. दोनशे किलोमीटर गाडी चालवून थकलेल्या चालकाला डोक्यावर पेटी आहे, याचा विसर पडतो. म्हणून निघण्यापूर्वी एकूण उंची मोजावी, कागदावर ठळक अक्षरांत लिहावी आणि तो कागद चालकाच्या समोर चिकटवावा. हे काम घरातल्या मुलांनी करावे.

स्वाध्याय

१. एका गाडीच्या टपाची मर्यादा ७५ किलो आहे. दांडे ६ किलोचे आणि पेटी १९ किलोची आहे. सामान किती नेता येईल?

२. अम्मींनी सुचवलेल्या दोन वस्तू टपावर का गेल्या नाहीत?

३. कारणे लिहा : (अ) पेटी डावीकडून उघडणारी असावी. (आ) पट्टे काही अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

४. सामान, वजन, हवा हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा आणि मराठी वाक्यांत वापरा.

५. तुमच्या घरी कोणी गाडी घेऊन गावी निघाले आहे, अशी कल्पना करा. टपावर काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हे सांगणारे पत्र मामूंना मराठीत लिहा.